लखमीचं कारण

डहाणूच्या समुद्रात माणसांना बुडवून वर काढायचं काम मी एकतीस वर्षं केलं. बुडवणारे पाळक असत, मी दुसऱ्या बाजूनं दंड धरायला. वर काढायची जबाबदारी मात्र दोघांची. आजवर एकही माणूस वाहून गेला नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाईक पहिला प्रश्न तोच विचारतात.

मी उपदेशक होतो. ज्यांचा आमच्या चर्चशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाळक म्हणजे ज्यांचा झगा पांढरा, पगार बरा आणि नाव पाटीवर. उपदेशक म्हणजे ज्याच्याकडे सायकल. पाड्यापाड्यावर जायचं, आजाऱ्यापाशी बसायचं, कुणाच्या घरात जुंपली की मध्ये पडून दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, मयताला उभं राहायचं, आणि ज्यांना बाप्तिस्मा घ्यायचा असेल त्यांचा सहा महिने वर्ग घ्यायचा. लोक मला मास्तर म्हणत. मी मूळचा नगरकडचा, बाजरी आणि कोरड्या हवेतला. इथं आलो तेव्हा डोंगराकडच्या लोकांचं निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं आणि पावसाळ्यात वहीची पानं एकमेकांना चिकटायची. पहिलं वर्षभर आमची मार्था रोज म्हणायची, अहो, परत जाऊ या. पुढे तीच शेजारणींना चिकूचं लोणचं शिकवायला लागली आणि परत जायचा विषय मिटला.

बाप्तिस्मा आम्ही चिखल्याच्या किनाऱ्यावर देतो. माणूस पुरता पाण्याखाली गेला पाहिजे, नुसतं डोक्यावर शिंपडून आमच्यात चालत नाही. आता आमच्याकडची भरती-ओहोटी म्हणजे काय चीज आहे ते किनाऱ्यावरच्या माणसालाच ठाऊक. नगरच्या माणसाला काय कळणार? पहिल्याच वर्षी मी तिथी बघायची विसरलो आणि ऐन ओहोटीला नऊ माणसं पांढऱ्या कपड्यांत घेऊन गेलो. समुद्र पार लांब जाऊन बसलेला. आम्ही चिखल तुडवत चाललोय, चाललोय, पाणी काही घोट्याच्या वर येईना. शेवटी पाळकसाहेब थांबले, झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, आणि म्हणाले, "मास्तर, हा बाप्तिस्मा आहे की भातलावणी?" त्या दिवसापासून मी आधी किनाऱ्यावरच्या मांगेल्या कोळ्यांना विचारायचो, मग पाळकांना.

असो. सांगायचंय ते वेगळंच. वर्गाच्या सुरुवातीला प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असे. नाव, गाव, वय, आणि खाली एक रकाना: कारण. येशूच्या मागे का यायचंय? सहा महिने झाले की उमेदवाराला पाळक आणि चर्चचे पाच पंच यांच्यासमोर बसवायचं, तिथं हाच प्रश्न पुन्हा विचारायचा. मी शिफारस केली तर माणूस पुढे जायचा. नाही केली, तर पुढच्या वर्गात.

या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आहे. पापांची क्षमा मिळावी म्हणून. हे उत्तर मीच शिकवायचो आणि तेच ऐकून खूश व्हायचो. पोपटाला शिकवावं आणि पोपट बोलला की त्याच्या बुद्धीचं कौतुक करावं, तशी गत. खरी कारणं त्या रकान्यात कधी आली नाहीत. ती मला ओट्यावर, चहा पिताना, सायकलची चेन बसवताना कळायची.

बाहेरच्यांनाही या कारणाची भारी उत्सुकता. स्टेशनजवळच्या टपरीवर कुणी ना कुणी ऐकवायचंच, काय मास्तर, तांदूळ देता का पैसे देता? मी म्हणायचो, बाबा रे, तसं काही खातं असतं तर सगळ्यात आधी माझ्याच क्वार्टरची कौलं बदलली असती. चल, पावसात एकदा मुक्कामाला ये, भांडी कुठं कुठं ठेवायची ते दाखवतो. हसून विषय संपायचा. पण खोटं कशाला बोलू, येणाऱ्यांना काहीतरी हवंच असायचं. काहीच नको म्हणून आलेला माणूस मला अजून भेटायचाय.

सरावलीकडचा बारक्या दारू सुटावी म्हणून आला. म्हणजे तो आला नाही, बायकोनं दंडाला धरून आणला. सहा महिने वर्गाला बसला, तिसऱ्या महिन्यात खरंच सुटली. बाप्तिस्मा घेतला, घरी मटण केलं, मला दोनदा वाढलं. त्यानंतर दोन महिने चर्चला पत्ता नाही. गाठून विचारलं तर म्हणतो, "सुटली ना मास्तर, आता कशाला?" दवाखान्यातून नाव कमी केल्यासारखा. गरज सरो, वैद्य मरो. पुढच्या होळीला पुन्हा प्यायला, पुन्हा आला, खाली मान घालून शेवटच्या बाकावर. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा आला तो मात्र राहिला. का राहिला ते त्यालाही सांगता येत नाही. विचारलं तर खांदे उडवतो.

जयवंतचं प्रकरण आणखी गोड. डहाणू रोडला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. आमच्या वर्गात येऊन बसला तेव्हा उत्तरं इतकी चोख की मीच चकित. क्षमा, कृपा, तारण, सगळं तोंडपाठ. मी फॉर्मवर आनंदानं शिफारस लिहिली. महिनाभरानं कळलं की सगळी उत्तरं आमच्या मिशनच्या दवाखान्यातली नर्स सरोज सिस्टर हिच्याकडून पाठ करून घेतलेली, आणि तिच्या बापानं बजावलं होतं की बाप्तिस्म्याशिवाय पोरगी मिळणार नाही. मी कपाळावर हात मारला. पण गंमत अशी की लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि जयवंत एका रविवारीही चुकला नाही. सासरा थकला तेव्हा त्याला पाठीवर घेऊन चर्चला आणायचा. पुढे पंच झाला, आणि पंच झाल्यावर असा कडक झाला की विचारू नका. कोण उशिरा आलं, कुणी चप्पल आत आणली, सगळ्यांवर नजर. कानामागून आला आणि तिखट झाला. मला त्याचा राग यायचा नाही. आलेला खोट्या कारणानं, राहिला मात्र खरा.

एवढं सगळं डोळ्यांनी बघून मी शहाणा व्हायला हवा होता. झालो नाही. त्याची ही गोष्ट.

लखमी तलासरीच्या पलीकडची, उधव्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला तिचा पाडा. थोडी भातशेती, थोडी नागली, बाकी मजुरी. तिची मुलगी सविता इथं मिशनच्या होस्टेलवर शिकायची, पाचवीला. एका पावसाळ्यात मलेरिया झाला आणि तो डोक्यात चढला. दवाखान्यातल्यांनी जिवाचं रान केलं, पोर दीड दिवसात गेली. वर पाऊस कोसळत होता, ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी, पाड्याकडचा रस्ता बंद. फोन लागण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता, तिथं आजही झाडावर चढावं लागतं. आम्ही दोन दिवस वाट बघितली. त्यापुढे ठेवता येईना. शेवटी आमच्याच कबरस्तानात माती दिली. होस्टेलची पोर म्हणून कुणी नियम काढला नाही. प्रार्थना मीच केली.

चौथ्या दिवशी लखमी आणि तिचा नवरा चालत आले. नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसला तो उठेचना. लखमीनं विचारलं, कुठं ठेवलीय? मी नेऊन दाखवलं. ओली माती, वर एक लाकडी क्रूस. ती खाली बसली आणि मातीवर हात फिरवत राहिली. तोंड बघाया मिळाला नाय, एवढंच ती म्हणाली. तिच्या लोकांत मेलेल्याला जाळतात. मागे काही उरत नाही, जिथं बसावं अशी जागा उरत नाही. या बाईला ती जागा मिळाली, आणि मिळाली तीही घरापासून एवढ्या लांब.

नवरा होता तोवर त्यानं तो विषय घरात काढू दिला नाही. तो वारला आणि त्याच वर्षी लखमी रविवारी चर्चला येऊ लागली. मुलगा सुरेश तिला मोटारसायकलवरून आणायचा. तो उंबरगावला कंपनीत कामाला, आठवड्याची एकच सुट्टी, ती आईपायी जायची. आत कधी आला नाही. बाहेर चिंचेखाली गाडीवर बसून मोबाइल बघायचा. लखमी आधी कबरीकडे जायची. वैशाखात करवंदं, भादव्यात काकडी, जे हंगामाचं असेल ते पदरात बांधून आणायची, थोडा वेळ तिथं ठेवायची आणि मग उचलून संडे स्कूलच्या पोरांना वाटायची. जयवंतनं एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, मास्तर, हा नैवेद्याचा प्रकार आपल्यात बसत नाही. मी म्हटलं, पोरं खातात ना, खाऊ दे.

मग ती वर्गात येऊन बसली. फॉर्म भरायला घेतला. नाव, गाव, वय अंदाजे पन्नास. कारण?

"पोरीच्या बाजूला जागा हाय," ती म्हणाली. "मी मेली का मला तिथं ठेवा. बाप्तिस्मा नाय घेतला तर ठेवत नाय, असा ऐकला."

ऐकलेलं बरोबर होतं. बाप्तिस्मा न घेतलेल्याला आमच्या कबरस्तानात जागा नाही. मी पेन खाली ठेवलं आणि तिला समजावायला लागलो. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. म्हटलं, लखमी, तू येशूच्या मागे आलेली नाहीस, तू पोरीच्या मागे आलीयेस. हे कारण चालणार नाही. मनाची तयारी झाली की बघू. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, तुमचा कारण काय होता?"

मी म्हटलं, माझा जन्मच यातला. वडील विश्वासी, आजोबा विश्वासी.

"म्हणजे तुम्हाला कुणी विचारलाच नाय," ती म्हणाली, आणि उठून गेली. रागानं नाही. तिला माहिती मिळाली होती एवढंच.

रात्रभर ते वाक्य माझ्या डोक्यात. खरंच मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? पोलीसभरतीत छाती अर्धा इंच कमी भरली. घरी बसलो होतो. वडिलांच्या ओळखीचे एक पाळक म्हणाले, डहाणूकडे उपदेशकाची जागा आहे, क्वार्टर मिळेल, कर अर्ज. मार्थाच्या घरच्यांना नोकरीवाला जावई हवा होता. हे माझं कारण. येशूच्या मागे मी क्वार्टरच्या किल्लीसाठी आलो. पुढे त्या कामात जीव रमला, तो देव कधीतरी खरा वाटू लागला, हे सगळं नंतरचं. पण हे कुठल्या रकान्यात लिहिणार? मी ते कुणाला सांगितलं नाही. सकाळी उठून पुन्हा शिस्तीचा मास्तर झालो.

पहिल्या वर्गाच्या शेवटी लखमीची शिफारस केली नाही. दुसऱ्या वर्गालाही नाही. तिला सांगितलं की ती म्हणायची, बरं. पुढच्या रविवारी पुन्हा हजर. वर्गात पुढे बसायची, लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेली गोष्ट विसरायची नाही. सुरेश एकदा चिंचेखालून उठून माझ्याकडे आला. म्हणाला, "मास्तर, आयला काय ते देऊन टाका ना एकदाचा. माझा काय म्हणणा नाय. आमचा भगत जरा कुरकुर करंल, त्याला मी बघतो. पण दर आठवड्याला पेट्रोल जातो हो." मी हसलो आणि त्याला धीर धरायला सांगितलं. धीर धरायला सांगणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम.

मार्था मात्र ऐकणारी नव्हती. एकदा जेवताना म्हणाली, त्या बाईला कशाला अडवून धरलंय? मी शास्त्रातला दाखला दिला. भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक दुसऱ्या दिवशी येशूला शोधत आले, तेव्हा त्यानंही त्यांना सुनावलंच ना, की तुम्ही पोटासाठी आलात म्हणून?

"सुनावलं," मार्था म्हणाली. "पण त्यानं आधी भाकरी वाढली आणि कारण मग विचारलं. तुम्ही आधी कारण विचारता." आणि तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली. मी निमूट जेवलो. पटलं होतं, पण बायकोचं पटलं असं लगेच कबूल करायची सवय नव्हती.

आता जे सांगायचंय त्यासाठी हा लेख लिहायला घेतला. त्यात मला स्वतःला वाचवायचं नाही.

दुसरा वर्ग संपला त्या पावसाळ्यात दवाखान्याचे जुने कंपाउंडर वारले. भला माणूस, अर्ध्या तालुक्याला त्यांनी औषधं दिलेली. आदल्या रात्रीपासून पाऊस, कबरस्तानाचा खालचा भाग पाण्यात, फावडं मारलं की खड्डा भरायचा. मुलं बाहेरगावाहून संध्याकाळपर्यंत पोचणार होती. खणणारा बाबू छत्री नसलेला, भिजून चिंब, मला म्हणाला, मास्तर, लवकर सांगा, कुठं मारू? कोरडी जागा एकच होती, वरच्या अंगाला, सविताच्या कबरीला लागून.

लखमीची आठवण झाली नाही असं मी म्हणणार नाही. झाली. लगेच झाली. पण मनात म्हटलं, तिचा अजून बाप्तिस्मा कुठं झालाय? जागा काय कुणाच्या नावावर नसते. शिस्त म्हणजे शिस्त. मी बोट दाखवलं आणि बाबूनं फावडं मारलं.

पुढच्या रविवारी मी खिडकीतून बघत होतो. लखमी नेहमीसारखी कबरीकडे गेली. नवी माती होती, त्यावर झेंडूच्या माळा. ती उभी राहिली, मग नेहमीच्या जागी बसली, मग आत प्रार्थनेला आली. तिनं काही विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. तिला वाचता येत नाही, बाजूला कोण पुरलंय, कबर किती रुंद, हे तिच्या लक्षात आलं नसेल अशी मी मनाची समजूत घातली. माणूस आपल्या सोयीचं किती चटकन मानतो बघा. आयुष्यभर डोंगरात वावरलेली बाई, पायाखालची माती हलली तरी तिला कळायचं, आणि मी समजत होतो हिला दिसलं नाही.

असंच वर्ष गेलं आणि तिसरा वर्ग आला. मला निवृत्तीला काही महिने उरले होते. आता जाण्याआधी लखमीचं काम मार्गी लावायचं असं मी ठरवलं. जागा तर गेली होती, निदान बाप्तिस्मा तरी. पण शिफारस करूनही पंचांनी अडवलं तर? म्हणून तिला बाजूला बसवून घोटून घेतलं. विचारलं का आलीस, तर सांगायचं, पापांची क्षमा मिळावी म्हणून. कबरस्तानाचं नाव काढायचं नाही. सविताचं नाव काढायचं नाही. ती मान हलवत होती. मला वाटलं, झालं.

पंचांची बैठक चर्चच्या मागच्या खोलीत असते. लांब टेबल, पलीकडे पाळक आणि पाच पंच, अलीकडे एक खुर्ची. पाळक नवीन होते, तरुण, सौम्य बोलणारे. लखमी खुर्चीच्या कडेवर बसली, धुतलेलं लुगडं, हातात काही नाही. मी भिंतीपाशी उभा. पाळकांनी तिला दोन-चार गोष्टी विचारल्या, तिनं नीट सांगितल्या. मग तो प्रश्न आला.

"येशूच्या मागे का यायचंय, बाई?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तरांनी एक शिकवलाय. तो पण खरा हाय. पण मी आली ती पोर इथं हाय म्हणून."

मी डोळे मिटले. जयवंत ताबडतोब पुढे सरकला. म्हणाला, पाळकसाहेब, हे मी पहिल्यापासून सांगतोय. या बाईला कबरीच्या बाजूची जागा पाहिजे. तेवढ्यासाठी बाप्तिस्मा कसा द्यायचा? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसतं. सरोज सिस्टर तिथं असती तर त्याला टेबलाखालून चिमटा बसला असता. पण मी तरी कुठल्या तोंडानं त्याला बोलणार होतो? गेली तीन वर्षं मी तेच म्हणत आलो होतो.

लखमीनं त्याचं बोलणं संपू दिलं. मग म्हणाली, "ती जागा गेली. दोन पावसाळे झाले. तिथं कंपाउंडरबाबा हाय."

पंच एकमेकांकडे बघायला लागले. कुणाला काय ठाऊक होतं, कुणाला नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत नव्हतं. पाळकांनी हळूच विचारलं, मग त्यानंतर का येत राहिलात?

"तवा नाय यायचा ठरवला होता," ती म्हणाली. "घरी जाऊन रडली. पोऱ्याला सांगितला, आता गाडी काढू नको. पण मास्तरांनी शिकवला होता, उठायच्या दिवशी सगळी संगं उठतील. मी इचार केला. मग बाजूला काय नि कोपऱ्यात काय. माझी पोर झोपेत घाबरायची. उठल तवा एवढी माणसं बघून घाबरंल. मी आवाज दिला का येईल ती माझ्याकडं. त्यो उठवणार, तर त्याच्या मागं नको का जायला?"

मी एकतीस वर्षं पुनरुत्थान शिकवलं. खडूनं फळ्यावर लिहून शिकवलं, पाचशे वेळा मयताला उभा राहून बोललो. त्यावर विसंबून कुणी कबरीतली आपली जागा सोडून देईल, आणि ज्याच्यामुळे ती गेली त्याच्याच समोर दीड वर्षं पुढच्या रांगेत येऊन बसेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी ते शिकवलं होतं. मानलं होतं की नाही, त्या क्षणापर्यंत मला ठाऊक नव्हतं.

पाळक माझ्याकडे वळले. मास्तर, तुमची शिफारस?

मी भिंत सोडून पुढे आलो. शिफारस करतो, म्हटलं. तीन वर्षांपूर्वीच करायला पाहिजे होती. मग पंचांकडे न बघता तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "लखमी, ती जागा बाबूला मी दाखवली. माझ्या लक्षात होतं. तरी दाखवली."

एवढंच बोललो. साठीला टेकलेला माणूस मी, पोलीसभरतीत नापास झालो तेव्हा रडलो नव्हतो, बाप गेला तेव्हा लोकांसमोर रडलो नव्हतो. तिथं टेबलाला धरून उभा राहिलो आणि हुंदके आवरेनात.

लखमी उठली. पदर हातात घेतला, मला वाटलं डोळे पुसतेय, तर तो तिनं माझ्यापुढे धरला.

"मला माहीत होता, मास्तर," ती म्हणाली. "बाबूनं तवाच सांगितला. तुम्ही तरी काय करणार? पाऊस काय थांबत होता? मेलेल्या माणसाला माती तर द्यायलाच लागते. आता रडू नका, पोरांसमोर बरा नाय दिसत."

खोलीत पोरं नव्हती. पाळक सोडले तर पाच पंच होते, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. त्यातल्या दोघांच्या डोळ्यांना पाणी होतं, आणि त्या दोघांत एक जयवंत होता.